टीबीचे भाऊबंद, नळाचे रहिवासी

रिपोर्टवर दोन ओळी एकाखाली एक छापलेल्या असतात. वरची सांगते की बेडक्यात आम्लरोधी जंतू दिसले, प्रमाण ‘दोन प्लस’. खालची सांगते की टीबीचा जंतू आढळला नाही. छातीच्या ओपीडीबाहेर बाकावर बसलेल्या माणसाला याचा मेळ लागत नाही. शेजारचा म्हणतो, मशीन बिघडलं असेल. सोबत आलेला मुलगा मोबाईलवर शोधतो आणि आणखीच घाबरतो. गर्दीच्या ओपीडीत डॉक्टरांनाही कधीकधी वाटतं की दोनपैकी एक तपासणी फसली, आणि बेडका पुन्हा मागवला जातो.

दोन्ही ओळी खऱ्या असू शकतात. सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी झील आणि नील्सन या जर्मन वैद्यांनी १८८० च्या दशकात बसवलेल्या पद्धतीवर आजही चालते. काचपट्टीवर बेडका पसरायचा, लाल रंग तापवून चढवायचा आणि मग आम्लाने धुवायचा. इतर जंतूंचा रंग उतरतो. मायकोबॅक्टेरियम या कुळातल्यांचा उतरत नाही. निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या उठून दिसतात. त्या काड्यांवरून कूळ कळतं, व्यक्ती कळत नाही. सीबीनॅट किंवा गोव्याच्या मोलबायो कंपनीची ट्रूनॅट ही यंत्रं मात्र थेट टीबीच्या जंतूचा जनुकीय तुकडा शोधतात. तो सापडला नाही की ‘नाही’ म्हणून मोकळी होतात.

या कुळात जवळपास दोनशे प्रजाती आहेत. त्यांतून टीबी आणि कुष्ठरोग घडवणारे जंतू बाजूला काढले की उरलेल्या सगळ्यांना मिळून ‘नॉनट्यूबरक्युलस मायकोबॅक्टेरिया’, थोडक्यात एनटीएम म्हणतात. रुग्णाला समजावताना डॉक्टर ‘टीबीचे भाऊबंद’ म्हणून वेळ मारून नेतात, आणि ते चुकीचंही नाही. आडनाव तेच, घर वेगळं. टीबीचा जंतू माणसाच्या छातीत राहतो आणि खोकल्यातून दुसऱ्या माणसाकडे जातो. हे भाऊबंद मातीत, ओढ्यात, तळ्यात आणि नळाच्या पाईपमध्ये राहतात. पाणी म्हटलं की धरणं, टँकर आणि नद्या यांच्यावर लिहिणारे पुष्कळ असतात. घरातलं पाणी माणसाच्या फुप्फुसात जाऊन काय करतं, हे पाहायला प्रयोगशाळेच्या दारात जावं लागतं.

पूर्वी लाल काड्या दिसल्या की टीबीचं कार्ड तयार व्हायचं आणि सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू व्हायच्या. खोकला थांबला नाही, काड्या दिसतच राहिल्या, की शंका यायची औषधाला दाद न देणाऱ्या टीबीची, मग आणखी कडक औषधं. आता उलट घडू लागलं आहे. यंत्रावरची तपासणी आधी होते, अनेक ठिकाणी सूक्ष्मदर्शक मागे पडतो, यंत्र ‘टीबी नाही’ म्हणतं आणि रुग्ण खोकल्याचं औषध घेऊन घरी जातो. पहिल्या काळात त्याला नसलेल्या रोगाची औषधं मिळाली. दुसऱ्यात असलेल्या रोगाचं नावही कळलं नाही.

पाईपच्या आतली वस्ती

मायकोबॅक्टेरियाभोवती मेणचट आवरण असतं. मायकोलिक आम्लं नावाच्या लांबलचक स्निग्ध रेणूंनी ते बनतं. रंग न उतरण्याचं कारण तेच, आणि पाईपमध्ये टिकून राहण्याचंही. पाण्याशी न पटणारा हा जंतू वाहत्या पाण्यात फिरण्यापेक्षा पृष्ठभागाला चिकटणं पसंत करतो. पाईपच्या आतून हात फिरवला तर जो बुळबुळीत थर लागतो, त्यात अनेक जंतूंची वस्ती असते आणि त्यात हाही असतो.

शहराचं पाणी शुद्ध करताना क्लोरीन घालतात. कॉलरा, हगवण यांचे जंतू त्याने मरतात, आणि त्यासाठी क्लोरीनचे उपकार मानावेत तेवढे थोडे आहेत. पण अमेरिकेत व्हर्जिनिया टेकमध्ये जोसेफ फॉकिनहॅम यांनी मोजून पाहिलं, तेव्हा मायकोबॅक्टेरियम एव्हियम हा जंतू आतड्यातल्या ई. कोलायपेक्षा शेकडो पटींनी जास्त क्लोरीन सोसतो असं दिसलं. भराभर वाढणारे प्रतिस्पर्धी मेले की सावकाश वाढणाऱ्या या गड्याला पाईप मोकळा मिळतो. आपण पाणी स्वच्छ करतो आणि त्याच क्रियेत याची निवड करतो, ही गोष्ट थोडी अस्वस्थ करणारी आहे.

२०१८ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठातल्या नोआ फीयरर यांच्या गटाने लोकांकडून शॉवरच्या जाळीतले नमुने मागवले. अमेरिका आणि युरोपातल्या साडेसहाशेहून अधिक घरांनी ते पाठवले. नगरपालिकेचं पाणी वापरणाऱ्या घरांच्या शॉवरमध्ये मायकोबॅक्टेरिया विहिरीच्या पाण्यापेक्षा जास्त निघाले, आणि अमेरिकी घरांत युरोपपेक्षा जास्त. हवाई, फ्लोरिडा, दक्षिण कॅलिफोर्निया या भागांतल्या शॉवरमध्ये रोग घडवणाऱ्या प्रजाती भरपूर होत्या. एनटीएमचे फुप्फुसाचे रुग्णही नेमके तिथेच जास्त आढळतात.

पाण्यातला जंतू हवेत येतो तो बुडबुड्यांच्या वाटेने. बुडबुडा वर येताना मेणचट जंतू त्याला चिकटतात, बुडबुडा फुटला की सूक्ष्म थेंबांबरोबर उडतात. त्या थेंबांत जंतूंची दाटी मूळ पाण्यापेक्षा कितीतरी जास्त असते. शॉवर, कारंजी, गरम पाण्याचे टब, हवा दमट करणारी यंत्रं, सगळीकडे हेच घडतं. मातीचंही तसंच. कोलोरॅडोतच रुग्णांच्या कुंड्यांतली तयार माती तपासली, तेव्हा काहींच्या बेडक्यातल्या जंतूंशी तिच्यातले जंतू जुळले. गच्चीवरच्या बागेत कोरडं खत हाताने कालवताना जी धूळ उडते, तिच्यातही हे असतात.

महाराष्ट्रातल्या शहरी घराचं पाणी आणखी एका फेरीतून जातं. ते दिवसाचे काही तास येतं, खालच्या हौदात साठतं, मोटारीने गच्चीवरच्या टाकीत चढतं, तिथे उन्हात तापतं, मग गिझरमध्ये. प्रत्येक मुक्कामी क्लोरीन उडून जातो आणि चिकटायला नवा पृष्ठभाग मिळतो. टाकी धुण्याचा ठराव सोसायटीच्या सभेत दरवर्षी मंजूर होतो, हे वेगळं.

या जंतूंची सगळ्यात चमत्कारिक कहाणी मात्र फुप्फुसाची नाही, हृदयाच्या शस्त्रक्रियेची आहे. शस्त्रक्रियेदरम्यान रक्ताचं तापमान राखण्यासाठी एक यंत्र लागतं. त्यातलं पाणी रुग्णाच्या रक्ताला कधीच शिवत नाही. तरी स्वित्झर्लंडमधल्या झुरिकला झडप बदललेल्या रुग्णांना महिन्यांनी, वर्षांनी मायकोबॅक्टेरियम किमेरा या जंतूने गाठलं. यंत्राच्या टाकीतले थेंब पंख्याच्या झोताबरोबर उडत होते आणि उघड्या छातीवर बसत होते. पुढे युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलियात असेच रुग्ण सापडले. जंतूंची जनुकीय कुंडली जुळवली तेव्हा धागा जर्मनीतल्या कारखान्यापर्यंत गेला, जिथे ही यंत्रं तयार होत होती.

मुक्काम कोणाकडे

आपण सगळेच हे जंतू श्वासावाटे घेतो, गिळतो, अंगावर घेतो. आजार होतो तो फार थोड्यांना. म्हणून ‘जंतू कुठून आला’ या प्रश्नाइतकाच ‘या छातीत त्याला जागा का मिळाली’ हा प्रश्न महत्त्वाचा.

निरोगी श्वासनलिकेत बारीक केसांचा झाडू सतत चालू असतो. कफाचा पातळ थर वर वर सरकवत तो जंतूंना घशाकडे नेतो. नलिका रुंदावून सैल पडल्या की कफ साचतो आणि साचलेल्या कफात जंतू राहतो. या अवस्थेला ब्राँकिएक्टेसिस म्हणतात. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत सिलिकाच्या धुळीने फुप्फुसं खराब झालेल्या कामगारांना मायकोबॅक्टेरियम कान्सासीने छळलं. युरोप-अमेरिकेत सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार असलेली मुलं याच्या तावडीत सापडतात. १९८० च्या दशकात एड्सची साथ आली, तेव्हा प्रतिकारशक्ती पार ढासळलेल्या रुग्णांच्या रक्तापर्यंत एव्हियम पोचला होता.

आपल्याकडचं कारण आपल्याच इतिहासात आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी टीबी झाला, औषधं नीट घेतली, बरा झाला, पण फुप्फुसात पोकळ्या आणि व्रण राहिले. अशी माणसं महाराष्ट्रात गावोगावी आहेत. त्या पोकळ्यांत एनटीएम येऊन राहतो. पुन्हा खोकला, पुन्हा वजन घटणं, बेडक्यात थोडं रक्त. घरचे म्हणतात, ‘टीबी उलटला.’ एक्स-रे पाहून डॉक्टरांनाही तसंच वाटतं, कारण जुन्या टीबीच्या खुणा फिल्मवर आहेतच. ज्याला एकदा टीबी झाला त्याचा प्रत्येक पुढचा खोकला टीबीच्या खात्यात जमा होतो.

दुसरा प्रकार अगदी वेगळा. पन्नाशी-साठी ओलांडलेल्या, सडपातळ, कधी बिडी-सिगारेटला हात न लावलेल्या, टीबी न झालेल्या स्त्रिया. पाठीचा कणा थोडा वाकडा, छातीचं हाड थोडं आत. सीटी स्कॅनवर उजव्या फुप्फुसाचा मधला भाग आणि डाव्या बाजूला त्याच उंचीवरचा तुकडा खराब दिसतो, भोवती बारीक गाठी. १९९२ मध्ये राईक आणि जॉन्सन या दोन अमेरिकी डॉक्टरांनी अशा रुग्णांचं वर्णन केलं आणि कारण सुचवलं की या बायका सभ्यपणापायी खोकला दाबतात, त्यामुळे कफ साचतो. ऑस्कर वाइल्डच्या नाटकातल्या लेडी विंडरमियरचं नाव त्यांनी आजाराला दिलं. खोकला दाबल्याचा पुरावा कुणीच दिला नाही. नाटकातली ती बाईही खोकत नाही. आजाराचा दोष बाईच्या वागण्यावर टाकणारं हे नाव आता बरेच डॉक्टर टाळतात, आणि टाळलंच पाहिजे.

तरीही बेडका देताना बायका संकोचतात, ही ओपीडीतली रोजची गोष्ट आहे. चारचौघांत खाकरायचं नाही अशी शिकवण लहानपणापासून मिळालेली असते, आणि डबी दिल्यावर तीत लाळ येते. ‘काकू, नुसती थुंकी नको, खोल श्वास घ्या, आतून खोका,’ असं कुणीतरी शेजारी उभं राहून सांगावं लागतं. पाकिस्तानात रावळपिंडीला याची रीतसर चाचणी झाली आणि २००७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. बेडका कसा द्यायचा हे स्त्रियांना दोन मिनिटं समजावलं, तर टीबी सापडण्याचं प्रमाण ८ टक्क्यांवरून १३ टक्क्यांवर गेलं. नवं यंत्र नाही, नवी काच नाही. एनटीएमसाठी तर एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा बेडका लागतो.

बेचाळीस दिवसांची वाट

टीबीच्या प्रयोगशाळेत आत हवा ओढून घेणाऱ्या खोल्या असतात, म्हणजे दार उघडलं तरी आतली हवा बाहेर येत नाही. मास्क, गाऊन, दुहेरी हातमोजे घालून तंत्रज्ञ डब्या उघडतात. बेडक्यात तोंडातले इतर जंतू असतात आणि ते काही तासांत सगळं माध्यम खाऊन टाकतील, म्हणून आधी त्यात सोडियम हायड्रॉक्साइड घालतात. बाकीचे मरतात, मेणचट कवचाचे वाचतात. पण इथेही बेत टीबीच्या हिशोबाने आखलेला असतो. त्याच रसायनाने एनटीएमच्या काही नाजूक प्रजाती मारल्या जातात आणि बाटली रिकामी राहते.

वाढवण्याची माध्यमं दोन. जुनं माध्यम अंड्याचं, मॅलाकाइट ग्रीन घालून हिरवं केलेलं, तिरक्या बाटलीत घट्ट झालेलं. नवं माध्यम द्रवाचं. नळीच्या तळाशी एक रंगद्रव्य असतं, जंतूंनी ऑक्सिजन वापरला की ते चमकू लागतं आणि यंत्र खूण करतं. बेचाळीस दिवस काही झालं नाही तर नळी निगेटिव्ह. एनटीएममधले काही सात दिवसांच्या आतच वाढतात, आणि टीबीची सवय असलेल्या नजरेला इतकी घाई संशयास्पद वाटते.

नळी चमकली की गरोदरपणाच्या पट्टीसारखी दिसणारी एक चाचणी करतात. टीबीचा जंतू सोडत असलेलं एक प्रथिन ती पकडते. दुसरी रेष उमटली तर टीबी. उमटली नाही आणि काचेवर लाल काड्या आहेत, तर एनटीएम. बऱ्याच ठिकाणी गोष्ट इथेच संपते. रिपोर्टवर ‘एनटीएम’ एवढी तीन अक्षरं छापली जातात आणि नळी नष्ट करण्याच्या पिशवीत जाते. दोनशे प्रजातींपैकी कोणती, हे शोधायला जनुकीय पट्टी, प्रथिनांचा ठसा घेणारं यंत्र किंवा जनुकांचं वाचन लागतं, आणि ही सोय मोजक्या मोठ्या प्रयोगशाळांत आहे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या शुभदा शेणई, कॅमिला रॉड्रिग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्येच लिहिलं होतं की टीबीने भरलेल्या देशातही एनटीएमची प्रजात ओळखण्याची वेळ आली आहे.

प्रजातीवर सगळं अवलंबून आहे. गॉर्डोनी नावाचा जंतू सापडला तर तो बहुधा नळाच्या पाण्यातून डबीत आलेला असतो. श्वासनलिकेत घालायच्या दुर्बिणीची नळी नळाच्या पाण्याने धुतली गेल्यामुळे ओळीने अनेक रुग्णांत एकच जंतू ‘सापडल्याची’ प्रकरणं जगभर झाली आहेत. आजारी कुणीच नव्हतं. कान्सासी सापडला तर मात्र गांभीर्याने घ्यायचं. या जंतूला ओळखण्याची एक जुनी, सुंदर रीत आहे. अंधारात वाढवला तर तो फिकट राहतो, उजेडात आणला की लिंबासारखा पिवळा होतो. अर्नेस्ट रनियन या मूळच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये रंग आणि वाढीचा वेग एवढ्यावर या सगळ्या प्रजातींचे चार गट पाडले. जनुकांचं वाचन येईपर्यंत जगाने त्यावरच काम चालवलं.

आणि एकदा सापडला म्हणजे आजार झाला असंही नाही. जागतिक निकष तीन बाजूंनी खात्री मागतात. रुग्णाला त्रास हवा, सीटी स्कॅनवर जुळणाऱ्या खुणा हव्यात, आणि वेगवेगळ्या दिवशी दिलेल्या किमान दोन बेडक्यांत तीच प्रजात वाढायला हवी. किंवा दुर्बिणीने फुप्फुसातून काढलेल्या पाण्यात एकदा. जंतू वस्तीला आहे की वाटसरू, हे यातून ठरतं. टीबीत एक लाल काडी दिसली तरी औषध सुरू करायची घाई असते, इथे घाई चालत नाही. त्या सवयीत वाढलेल्या डॉक्टरांना हे जड जातं, आणि रुग्णांना त्याहून जड. ‘जंतू आहे म्हणता, मग गोळी का देत नाही?’

सॅनिटोरियमचे नकोसे पाहुणे

अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात रोम नावाच्या गावी बॅटी स्टेट हॉस्पिटल हे टीबीचं मोठं रुग्णालय होतं. १९५० च्या दशकात टीबीची औषधं हाती आली, वॉर्ड रिकामे होऊ लागले, आणि काही रुग्ण मात्र तसेच राहिले. त्यांच्या जंतूंवर औषधं चालेनात, आणि प्रयोगशाळेतल्या गिनीपिगला ते टोचले तरी गिनीपिग ठणठणीत. हा जंतू पुढे अनेक वर्षं ‘बॅटी बॅसिलस’ म्हणून ओळखला गेला. आजचं नाव इंट्रासेल्युलारे. कान्सास सिटीत त्याच सुमारास पिवळा पडणारा दुसरा सापडला. म्हणजे हे जंतू नवे नव्हते. टीबी मागे हटला तेव्हा ते दिसले.

भारतातली गोष्ट टीबी मागे न हटताच सुरू झाली. तमिळनाडूतल्या चेंगलपट्टू जिल्ह्यात १९६८ पासून बीसीजी लशीची जगातली सर्वांत मोठी चाचणी झाली, लाखो लोकांवर. साडेसात वर्षांनंतरचे निष्कर्ष बाहेर आले तेव्हा धक्का बसला. बेडक्यात जंतू येणाऱ्या फुप्फुसाच्या टीबीपासून लशीने संरक्षण दिलंच नव्हतं. अनेक स्पष्टीकरणं पुढे आली. त्यांतलं एक असं की इथल्या लोकांच्या अंगात मातीपाण्यातल्या मायकोबॅक्टेरियाची ओळख आधीच मुरलेली असते, त्यामुळे लशीला शिकवायला काही उरत नाही. पुढे चेन्नईच्या क्षयरोग संशोधन केंद्राने त्याच गावांतली माती, पाणी, घरातली धूळ आणि लोकांचा बेडका तपासला. सगळीकडे ही मंडळी होती.

मुंबईचाही यात एक वेगळाच धागा आहे. परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये वसंत खानोलकर आणि कमल रणदिवे यांच्या काळात, १९५८ मध्ये, कुष्ठरुग्णाच्या गाठीतून एक आम्लरोधी जंतू वाढवण्यात यश आल्याचं प्रसिद्ध झालं. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेत वाढत नाही, म्हणून केवढा आनंद झाला असेल. तो नंतर एव्हियम-इंट्रासेल्युलारे गटातला निघाला. पण गोष्ट वाया गेली नाही. याच ‘आयसीआरसी’ जंतूपासून कुष्ठरोगावरची लस बनवली गेली, आणि दक्षिण भारतात झालेल्या तुलनात्मक चाचणीत तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिलं. जो जंतू एका छातीत रोग करतो, त्याचाच नातलग दुसऱ्या रोगापासून वाचवतो.

गोळ्यांचं वर्ष

एव्हियम गटावर ठरलेली औषधं तीन: अझिथ्रोमायसिन, एथमब्युटॉल आणि रिफॅम्पिसिन. सौम्य प्रकारात आठवड्यातून तीन दिवस, फुप्फुसात पोकळी असेल तर रोज आणि वर ॲमिकॅसिनची इंजेक्शनं. मुदत मोजायची रीत वेगळी आहे. औषध सुरू केलेल्या दिवसापासून बारा महिने नाही, तर बेडका निगेटिव्ह आला त्या दिवसापासून बारा महिने. तो सहाव्या महिन्यात निगेटिव्ह झाला तर एकूण दीड वर्ष. घरी कॅलेंडरवर फुली मारणाऱ्या रुग्णाला हा हिशोब कळला की त्याचा चेहरा पडतो.

रिफॅम्पिसिनने लघवी नारिंगी होते, याची टीबीच्या रुग्णाला सवय असते. एथमब्युटॉलने लाल-हिरव्यातला फरक कळेनासा झाला तर लगेच सांगायचं असतं. ॲमिकॅसिनने कान जाऊ शकतात. कुष्ठरोगावरची जुनी क्लोफाझिमिन देतात तेव्हा अंग काळवंडतं. ‘उन्हात फिरलात का?’ असं शेजारचे विचारतात, आणि बाई घराबाहेर पडणं टाळते.

अबसेसस नावाची प्रजात या सगळ्यांत खट्याळ. तिच्यावर अझिथ्रोमायसिनच्या वर्गातलं औषध लागू पडतं का, हे प्रयोगशाळेत तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाहिलं तर उत्तर ‘हो’ येतं. तीच नळी चौदाव्या दिवशी पाहिली तर जंतू मजेत वाढलेला असतो. औषधाशी गाठ पडल्यावरच जागं होणारं एक जनुक तिच्याकडे आहे. घाईने दिलेला रिपोर्ट इथे चुकीचा ठरतो. या जंतूवर तीन-चार औषधं, त्यांतली काही शिरेतून, आठवडेच्या आठवडे द्यावी लागतात आणि तरी हमखास यश नाही. म्हणूनच २०१९ मध्ये लंडनच्या रुग्णालयात उपचार घेतलेल्या पंधरा वर्षांच्या एका मुलीची बातमी जगभर झाली. फुप्फुसं बदलल्यानंतर अबसेसस तिच्या अंगभर पसरला होता. पिट्सबर्गच्या ग्रॅहम हॅटफुल यांनी आपल्या संग्रहातून जंतू खाणारे तीन विषाणू निवडून पाठवले आणि तिची तब्येत लक्षणीय सुधारली. त्यांतला ‘मडी’ नावाचा विषाणू दक्षिण आफ्रिकेत एका कुजलेल्या वांग्यावर मिळाला होता.

सगळ्यांना ही औषधं लागत नाहीत. काही रुग्णांत आजार वर्षानुवर्षं जागचा हलत नाही. औषधांचा त्रास रोगापेक्षा मोठा होईल असं दिसतं, तेव्हा डॉक्टर ठरवून थांबतात. दर काही महिन्यांनी बेडका, अधूनमधून सीटी, वजन वाढवणं, रोज कफ बाहेर काढण्याचा व्यायाम. ‘औषध नको, नजर ठेवू,’ या सल्ल्याला आपल्याकडे उपचार समजलं जात नाही. मग माणूस दुसरा डॉक्टर गाठतो, आणि तो एकच औषध देतो. एकट्या अझिथ्रोमायसिनने जंतू त्या औषधाला निर्ढावतो, आणि हाताशी असलेलं सर्वांत चांगलं हत्यार जातं. घसा बसला तरी अझिथ्रोमायसिनची पट्टी घेणाऱ्या समाजात हे कुणाला सांगायचं!

नोंद कशात करायची

टीबी २०१२ पासून भारतात सक्तीने कळवायचा आजार आहे. रुग्णाचं नाव निक्षय पोर्टलवर चढतं, औषधं सरकारकडून मिळतात आणि पोषणासाठी बँक खात्यात पैसे येतात: आधी महिना ५०० रुपये, नोव्हेंबर २०२४ पासून १०००. एनटीएमच्या रुग्णाचंही वजन घटलेलं असतं, गोळ्याही तितक्याच जास्त दिवस असतात. पण तपासणीत टीबी नाही असं ठरलं की तो त्या यादीबाहेर जातो. खर्च घरचा.

जपानने २०१४ मध्ये देशभरच्या रुग्णालयांत पाहणी केली. एनटीएमच्या फुप्फुसरोगाचे नवे रुग्ण लाखामागे सुमारे १४.७ निघाले; फुप्फुसाच्या टीबीपेक्षा जास्त. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात हा आजार कळवणं बंधनकारक आहे, म्हणून तिथले आकडे आहेत. मोजलं तिथे दिसलं, एवढंच.

या रुग्णाला एक दिलासा पहिल्या दिवशीच द्यायला हवा आणि तो बहुतेकदा राहून जातो. हा आजार सहसा माणसाकडून माणसाला होत नाही. सिस्टिक फायब्रोसिसच्या केंद्रांत अबसेसस रुग्णांमध्ये पसरल्याचा संशय ब्रिटनमधल्या जनुकीय अभ्यासांनी बळावला, पण घरगुती नातेसंबंधांत ही भीती नाही. वेगळं ताट, वेगळी खोली, नातवाला दूर ठेवणं, यांतल्या कशाचीच गरज नाही. टीबीच्या धाकाने ज्या घरात आजीची वाटी वेगळी झाली आहे, तिथे हे मोठ्याने आणि सगळ्यांसमोर सांगावं लागतं.

औषधं संपल्यावरही काहींच्या बेडक्यात जंतू परत दिसतो. जंतूंची जनुकीय कुंडली काढली तेव्हा श्वासनलिका रुंदावलेल्या रुग्णांमध्ये यातले बरेचसे नवे पाहुणे निघाले, जुने उलटलेले नव्हते. घरातून, बागेतून दुसराच कुणीतरी आला होता. त्यामुळे जाणते डॉक्टर सीटीच्या फिल्मबरोबर न्हाणीघराचीही चौकशी करतात. शॉवर कितपत जुना? गिझरचं तापमान किती ठेवता? फॉकिनहॅम यांचा सल्ला निदान ५५ अंश सेल्सिअसचा आहे, मग वापरताना गार पाणी मिसळायचं. बादली-तांब्याने अंघोळ केली तर तुषार कमी उडतात, न्हाणीघराची खिडकी उघडी ठेवली तर आणखी कमी. कुंडीतली माती आधी ओली करायची, मग कालवायची, तोंडावर मास्क. जलनेती करणाऱ्यांनी नळाचं पाणी नाकात घालायचं नाही. उकळून गार केलेलंच. नेब्युलायझरच्या वाटीचंही तसंच: नळाखाली खळखळून ठेवून देणं सोयीचं असतं, पण ती उकळून पूर्ण कोरडी करायची असते, आणि हे काम घरात कोण करणार ते पहिल्याच भेटीत विचारून घेतलेलं बरं.